गप्प राहणे हेच उत्तर समजावे

तुमचे नाव काय? वय किती? कोणाकडे निघालात? कशासाठी? किती दिवस राहणार? खर्च कोण करणार? परत कधी जाणार?

या सात प्रश्नांवर मी बावीस वर्षे संसार केला. आमच्या खानदेशातून समुद्रापार जाणारे ते कितीसे, असे वाचकांना वाटेल. मलाही नोकरीच्या पहिल्या दिवशी तसेच वाटले होते. पण भुसावळच्या रेल्वे कारखान्यात तयार झालेला फिटर आफ्रिकेतल्या रेल्वेला हवा असे. जळगावचा कापसाचा दलाल एकदा तरी विलायतेतली गिरणी पाहून येई. कोणाचा मुलगा डॉक्टरी शिकायला जाई, कोणाची बायको नवऱ्याकडे जाई. हे सगळे लोक धुळ्याला कचेरीच्या कामासाठी येत आणि कचेरीसमोरच्या एका वकिलांच्या कार्यालयात माझ्या टेबलापाशी बसत. वकिलांना सगळे नानासाहेब म्हणत. कोर्टाचे काम त्यांचे, परदेशी जाणाऱ्यांचे काम माझे.

अर्ज भरणे, फोटोवर सही मिळवणे, तिकडच्या नातेवाइकाचे हमीपत्र मागवणे, हे कोणीही कारकून करील. माझे खरे काम पासपोर्ट हातात पडल्यावर सुरू होई. बोट परक्या बंदराला लागली की उतरण्याआधी एक साहेब टेबल मांडून बसतो. सगळी माहिती त्याच्यापुढच्या कागदावर असते, तरी तो ती पुन्हा तोंडी विचारतो. कागदावरचे उत्तर आणि तोंडचे उत्तर जुळले तर शिक्का. नाही जुळले, किंवा साहेबाला नुसते तसे वाटले, तर माणूस त्याच बोटीने परत. तिथे वकील नाही, अपील नाही. जन्मात कधी परीक्षेला न बसलेल्या माणसांची ही परीक्षा, आणि तिचे पुस्तक कुठे छापलेले नाही. ते पुस्तक मी गोळा केले. परत आलेला प्रत्येक माणूस मला भेटून जाई आणि आपल्याला काय विचारले ते सांगे. मी ते वहीत उतरवून घेई.

माझा एक नियम होता. टेबलापुढे हात जोडायचे नाहीत. "तिकीट तुझं, पासपोर्ट तुझा, खर्च तुझ्या माणसाचा. भीक मागायला गेला नाहीस. ताठ उभा राहा आणि विचारलं तेवढंच बोल," असे मी प्रत्येकाला सांगे. काहींना ते उद्धट वाटे. मला आजही वाटत नाही.

मी सोनगीरच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. एका हेडमास्तरांनी खळ्यावर येऊन वडिलांना सांगितले, "हा पोरगा मला द्या," आणि वडिलांनी हातातले सूप खाली न ठेवता मान हलवली. त्या एका होकारावर मी देवपूरच्या वसतिगृहात राहिलो, पुण्याला गेलो, बी. ए. झालो. त्या दोघांचे ऋण मी विसरलेलो नाही. पण वसतिगृहात आणखी एक गोष्ट झाली. मी 'आहे'ऐवजी 'शे' म्हटले की शहरातली मुले हसत. "हे काय शे? ते काय शे?" म्हणून मागे लागत. वर्षभरात मी माझ्या तोंडातली घरची बोली धुऊन काढली. पुढे कार्यालयात मी सोनगीरचा आहे हे कोणाला बोलण्यावरून कळत नसे, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान होता.

त्या काळातली एक गंमत सांगतो. अर्जातला सर्वांत अवघड रकाना जन्मतारखेचा. आमच्याकडे वय सांगत ते प्लेगवरून, नाही तर दुष्काळावरून. ज्याने शाळा पाहिली असेल त्याच्या दाखल्यावर मात्र तारीख असे, आणि ती हटकून एक जून. कारण मास्तर शाळा उघडताना पोर पाहून अंदाजाने साल लिहीत आणि दिवस सोयीचा घालत. कापडण्याकडचे दोन भाऊ झांझिबारला सुतारकामाला निघाले. दोघांचे दाखले मी जसेच्या तसे जोडले. बंदरावर साहेबाने कागद पाहिले आणि विचारले, "जुळे का?" धाकटा ताठ उभा राहून म्हणाला, "नाही साहेब, हा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा." दोघांना एकाच दिवशी शाळेत घातले होते, आणि मास्तरांनी तारखेबरोबर सालही एकच लिहून टाकले होते. दोन दिवस त्यांना बोटीवर ठेवले. शेवटी साहेबालाच हसू आले म्हणून ते सुटले. त्यानंतर मी दाखल्यावर विसंबलो नाही. आईला, नाही तर आत्याला बोलावून घेई, तेव्हा शेतात काय उभे होते, सण कोणता जवळ होता ते विचारून तारीख काढी आणि तसे प्रतिज्ञापत्र करून घेई. कित्येकांना वाढदिवस असा माझ्या टेबलावर मिळाला.

असे प्रसंग सांगून मी मित्रांना पुष्कळ हसवले आहे. पण ज्या प्रसंगामुळे माझी कामाची रीत बदलली तो मी फारसा कोणाला सांगितलेला नाही. त्यात चूक माझी होती.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची गोष्ट. आषाढात एक दिवस भडगावकडची एक बाई माझ्यापुढे येऊन बसली. पन्नाशी उलटलेली, उन्हाने रापलेली, कपाळ मोकळे. नाव भागाबाई. गिरणेच्या काठी स्वतःची जमीन होती आणि नवऱ्याच्या मागे ती स्वतःच कसत होती. तिचा एकुलता मुलगा दगडू भुसावळला काम शिकून आफ्रिकेत रेल्वेच्या कारखान्यात लागला होता. बायको तिकडेच नेली होती. त्याने आईला भेटीसाठी बोलावले होते. त्या बंदरावर अशा पाहुण्यांना ठरावीक मुदतीचा परवाना देत, आणि मुदत संपल्यावर माणूस खरोखर परत जाईल अशी साहेबाची खात्री पटावी लागे.

"किती दिवस राहणार, अक्का?" मी विचारले.

"आठ महिना."

"आठ महिने? इतके कशासाठी?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली. "असंच."

"'असंच' म्हणून चालत नाही. साहेब विचारील."

"आंडोरले भेटनं शे. आनखी काय?"

मुलाच्या पत्रातही तेवढेच होते : आईला भेटीस बोलावीत आहे. नुसत्या भेटीला आठ महिने म्हटले की साहेबाला वाटणार, ही बाई कायमची राहायला आली. मी तिच्याकडे पाहिले. उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला होता. तेवढे मला पुरले. मी अर्जात लिहिले : मुलाची भेट व प्रकृतीसाठी हवापालट. वाक्य मला आवडले. त्यात वजन होते.

मग पंधरा दिवस दर बाजाराला ती धुळ्याला येई आणि मी तिच्याकडून उत्तरे पाठ करून घेई. तिच्या बोलीतली उत्तरे मला साहेबापुढे शोभणारी वाटत नव्हती. म्हणून मी तिला शहरी मराठी शिकवली.

"मी माझ्या मुलास भेटावयास आले आहे. म्हणा."

"मी मन्हा मुलास..."

"माझ्या."

"माझ्या मुलास भेटावयास आले शे."

"आहे, अक्का, आहे."

"आहे, आहे," ती म्हणे आणि कपाळावर आठ्या घालून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शेजारच्या टेबलावरचे कारकून तोंड फिरवून हसत. पंधरा दिवसांत तिने सातही उत्तरे बिनचूक म्हणून दाखवली. मी खूश होतो. पोळा झाल्यावर ती निघाली. बरोबर आफ्रिकेला चाललेले भुसावळचे एक कुटुंब होते. चाळीसगावला गाडी बदलायची, मुंबईला बोट, मग दहा-बारा दिवस समुद्र. मी मनात म्हटले, ही उत्तरे ऐकून साहेब चकित होईल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती माझ्यापुढे उभी राहिली. चेहरा उतरला होता, लुगड्याला बोटीच्या कोळशाचा वास होता. तिने खांद्यावरचे गाठोडे माझ्या टेबलावर, उघड्या कागदांवर, धाडकन टाकले.

"मास्तर, हाई धरा तुमनं हवापालट!"

ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सांगितले. टेबलापाशी साहेबाबरोबर एक दुभाष्या होता. तो गुजराती. "मी तुमनं पाठ करेल सांगं, त तो मन्हा तोंडकडे देखत राह्यना. त्याले काय समजेच ना. मी पुन्हा तेच सांगं, तो पुन्हा देखे." साहेबाला वाटले, ही घोकून आली आहे. "हवापालट" हा शब्द दुभाष्याला कसाबसा कळला, तेव्हा साहेबाने विचारले, ही आजारी आहे का? आजारी असेल तर उतरता येणार नाही. ती म्हणाली, आजारी नाही. मग हवापालट कशाला? यावर माझ्या सात उत्तरांत उत्तर नव्हते.

"मंग त्यास्नी गठोडं सोडं," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे तिने ते सोडले.

त्यात डिंक होता. अळीव होते. बाळंतशेपा, सुंठ, मेथ्या, वावडिंग, काजळाची डबी. आणि तळाशी, धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांचे चौकोनी तुकडे, काठ काढून टाकलेले, नीट घड्या घातलेले.

"साहेब सांगे, ही सुईन शे. लबाडी करीसन आठे धंदा कराले वनी. मास्तर, मी काय धंदा कराले गयती का?"

मी त्या घड्यांकडे पाहत राहिलो. मग म्हणालो, "अक्का, सून—"

तिने हात वर करून मला थांबवले. इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मन्हा दगडूना आगोदर दोन गयात. म्हनीसन त्यानं नाव दगडू ठेवं. आते वहूना बी दोन गयात. तोंडथून काढानं नही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावी ही गोष्ट मी जन्मापासून पाहिली होती. ज्या घरात मुले जगत नाहीत तिथे पोटातल्या जिवाबद्दल कोणी बोलत नाही. शेजाऱ्यालाही सांगत नाहीत, नातलगाला पत्र लिहीत नाहीत, बाळाचे कपडे उघड्यावर वाळत घालत नाहीत. दगडूने पत्रात खरे कारण लिहिले नव्हते ते याच भीतीने. माझी आई असती तर तिने भागाक्काच्या "असंच" या एका शब्दावरून ओळखले असते. मी बी. ए. झालेला, मला तिचा गुडघा दिसला. तिने काहीच खोटे सांगितले नव्हते. ती गप्प बसली होती. त्या जागी खोटे मी घातले.

"कितवा?" मी हळूच विचारले.

तिने टेबलावर एक हात पसरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे त्याच्या शेजारी ठेवली. सातवा. तिथे त्या मुलीजवळ बाईमाणूस कोणी नव्हते.

नानासाहेबांनी मला आत बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण सावध होते.

"एकदा परत पाठवलेल्या माणसाला पुन्हा पाठवणं धोक्याचं," ते म्हणाले. "कार्यालयाचं नाव जातं. तिच्या मुलाला पत्र टाका आणि विषय संपवा."

"दिवाळीनंतर एक बोट आहे. तिनं गेली तर ती वेळेवर पोचते."

"आणि कारण काय लिहिणार?"

"खरं ते."

"ती तर बोलणार नाही म्हणता."

"तेही लिहीन."

ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले. "म्हणजे साहेबाला तुम्ही रीतभात शिकवणार?"

"त्याच्या टेबलापुढे आपली माणसं रोज उभी राहतात, नानासाहेब. त्याला एवढं माहीत असायला हरकत नाही."

"मग माझ्या कागदावर नको," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर लिहा."

मी माझ्या कागदावर लिहिले. बाहेर येऊन भागाक्काला आधी विचारले, कारण हे कागदावर येणेही तिला चालेल की नाही हे मला ठाऊक नव्हते.

"कागदवर लिखशात?" ती घाबरली.

"इंग्रजीत."

तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "इंग्रजीमा चालई. त्यास्नी नजर आपले लागत नही."

मूळ इंग्रजी आता माझ्याजवळ नाही, पण मजकूर मला पाठ आहे. तो असा होता :

"ही बाई आपल्या सुनेच्या बाळंतपणासाठी येत आहे. तिच्याजवळचे सर्व सामान त्याच कामाचे आहे व ते घरच्या माणसासाठी आहे. मागील खेपेस अर्जात लिहिलेले हवापालटाचे कारण मी माझ्या कल्पनेने घातले होते; त्याचा दोष तिच्याकडे नाही. या घरात यापूर्वी मुले दगावली आहेत. अशा घरातील स्त्री जन्मापूर्वी मुलाबद्दल परक्यापुढे शब्द काढीत नाही. हा आमच्याकडील रिवाज आहे आणि त्यात लपवाछपवी नाही. येण्याचे कारण तिला विचारल्यास ती गप्प राहील. ते गप्प राहणे हेच उत्तर समजावे. इतर सर्व प्रश्न तिला तिच्या बोलीत विचारावेत. ती खरे बोलेल."

खाली मी माझे नाव लिहिले आणि पुढे बी. ए. ही दोन अक्षरे. पदवी मिळाल्यापासून ती अक्षरे मी लग्नाच्या पत्रिकेखेरीज कुठे वापरली नव्हती. त्या दिवशी वाटले, ती याच कागदासाठी होती.

नुसत्या माझ्या सहीला बंदरावर कोण विचारणार? मी कागद घेऊन एका मॅजिस्ट्रेटांकडे गेलो. ते आपलेच माणूस होते. त्यांनी मजकूर दोनदा वाचला.

"तुम्ही स्वतःची चूक लेखी कबूल करता?"

"हो."

"आणि वर साहेबानं काय विचारू नये तेही सांगता?"

"विचारू नये असं म्हटलेलं नाही, साहेब. काय उत्तर मिळेल ते सांगितलं आहे."

"या मजकुराची खात्री मी देणार नाही."

"मग ही सही माझीच आहे, एवढ्याची द्या."

ते थोडे हसले आणि मला त्यांच्यासमोर पुन्हा सही करायला लावली. "सदर सही माझ्यासमोर केली," एवढेच त्यांनी लिहिले. पण शिक्का सरकारी होता, गोल होता आणि ठळक उठला होता.

आता तयारी राहिली. भागाक्का समोर बसली, पाठ ताठ करून, जुनी उत्तरे म्हणायच्या तयारीत. मी वही मिटली आणि विचारले, "किती दिन राहशी?"

शेजारच्या टेबलावरची लेखणी थांबली. भागाक्काने डोळे मोठे केले.

"हाई काय, मास्तर! तुम्हले येस?"

"सोनगीरना शे मी."

"आनि इतला दिन नुसतं 'आहे, आहे' करी राह्यनात?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की आत नानासाहेबांनाही ऐकू गेले असावे. मला लाज वाटली, पण तिच्या बोलण्याची नव्हे.

त्या गुजराती दुभाष्याचे कोडेही तिथेच सुटले. आमची खानदेशी बोली गुजरातीला किती जवळची आहे हे सोनगीरच्या बाजारात उभा राहणारा कोणीही व्यापारी सांगेल. तिचे घरचे बोलणे त्याला सहज कळले असते. मी ते काढून घेऊन त्या जागी पुण्याचे मराठी बसवले होते. तिच्याआधी आणखी किती जणांच्या तोंडचे असे काढून घेतले, याचा हिशेब माझ्याकडे नाही. ते मला डाचते.

मी फक्त विचारीत गेलो, उत्तर एकही दिले नाही.

"परत कव्हय जाशी?"

"रोहिणी निंघाले मी मन्हा वावरमा राहसू." रोहिणी म्हणजे पेरणीआधीचे नक्षत्र. इतकी पक्की तारीख माझ्या कोणत्याही अर्जात नव्हती.

"कशावरून जाशी?"

तिला राग आला. "बैल शेजारले दिधात, वावर नही दिधं!"

"खर्च कोन करस?"

"जन्म दिधा त्यानी करानं नही त कोन करई?"

"कसाले वनी?" म्हणजे, कशासाठी आलीस?

ती गप्प बसली. मीही गप्प बसलो. मनात वीस आकडे मोजले. ती हलली नाही, खाली पाहिले नाही, हात जोडले नाहीत.

"असंच ऱ्हानं," मी म्हणालो. "बस. झाली तयारी."

दिवाळी तिने नावापुरती केली. भाऊबीज झाली आणि ती निघाली. गाठोडे तेच होते; मी म्हणालो, "हे लपवू नका, साहेबानं मागायच्या आत स्वतः सोडा." स्टेशनवर कागद तिच्या हातात देताना मला भीती वाटत होती. माझी सही असलेला तो कागद साहेबाने फाडून टाकला तर पुढे कोणत्याही बंदरावर माझ्या माणसांकडे संशयाने पाहिले जाईल, आणि ती मुलगी एकटीच राहील. हमालाने गाठोडे चढवले. भागाक्का खिडकीतून निरोप घेत म्हणाली, "येस हो मास्तर," आणि गाडी सुटली.

मग दोन महिने काही नाही. पौषात दगडूचे कार्ड आले. त्यात एवढेच होते : आई पोचली, सर्व ठीक, काळजी नसावी. 'सर्व' म्हणजे काय, ते त्याने लिहिले नव्हते. मी ते कार्ड चार-पाच वेळा वाचले. विचारायची सोय नव्हती. खानदेशातला माणूस मी, विचारणार तरी कसे?

वैशाख संपत आला. रोहिणीला आठ दिवस असताना एका दुपारी दारात चपला वाजल्या. भागाक्का आत आली ती थेट कार्यालयाच्या मधोमध उभी राहिली. पक्षकार होते, कारकून होते, नानासाहेब कोणाशी तरी बोलत बाहेर आले होते.

"मास्तर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मले नात शे. पाच महिनानी व्हयनी. पालथी पडस. आते बठ्ठास्ले सांगा!"

आता सगळ्यांना सांगायची मोकळीक होती. मी खुर्चीवरून उठलो तो उभाच राहिलो. नानासाहेबांनी शिपायाला पेढे आणायला पाठवले. बसून पाणी प्यायल्यावर तिने बंदरावरची हकीकत सांगितली.

साहेब तोच होता आणि त्याने तिला ओळखले. कपाळाला आठ्या घालून त्याने माझा कागद घेतला, वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा वाचला. तिने तोवर गाठोडे सोडून ठेवले होते. दुभाष्या वाकला. मेथ्या, सुंठ, डिंक पाहून तो हसला आणि साहेबाला बराच वेळ काही सांगत राहिला. त्याच्याही घरी हेच लागत असणार. साहेबाने किती दिवस ते विचारले, परत कधी ते विचारले. रोहिणी, बैल, वावर, सगळे दुभाष्याला एका दमात कळले. मग साहेब तिच्याकडे पाहत थांबला. ती म्हणाली, "मी वळखं. आते तो कसाले वनी ते इचारई. मी तोंड बंद करी ठेवं." पण त्याने तो प्रश्न विचारलाच नाही. कागदाची घडी घालून पासपोर्टात ठेवली आणि शिक्का मारला.

"मंग उठता उठता एक इचारं त्यानी," ती म्हणाली आणि थोडी चाचरली. पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. "सांगे, मांगना टाईमले तू दुसरंच काही बोले. आते नीट बोलनी. तुले हाई बोलानं कोनी शिकाडं?"

"मग? काय सांगितलंत?"

"मी सांगं, कोनीच नही." तिने माझ्याकडे पाहिले. "तुमनं नाव नही लिधं मी, मास्तर. इतलं करं तुम्ही मन्हाकरता. राग नका मानू."

"राग कसाना, अक्का?" मी म्हणालो. "खरं शे तेच सांगं तुम्ही."